टाक्याच्या कठड्यातले दगड

वारा रात्रीच पडला होता. मत्रूह शहराच्या पश्चिमेला, आमच्या वस्तीवर, हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटत होती. समुद्र समोर होता, पण त्याचा आवाज म्हणून नव्हता. अशा दमट हवेत वाळत घातलेली अंजिरं आंबतात, म्हणून मसऊदा फटफटायच्या आधीच चटयांवरची कापडं काढून एकेक अंजीर पालथं करत बसली होती. दोन चटया झाल्या आणि चिकानं बोटं चुणचुणायला लागली. हात धुवायला ती टाक्यावर गेली.

टाकं जुनं, खडकात खोदलेलं, रोमन लोकांच्या वेळचं. पोहरा वर ओढताना दोर कठड्याला घासला, चुन्याचा एक पापुद्रा सुटून खाली पडला, आणि आतल्या दगडावर डांबराची काळी खूण दिसली. एक उभी रेघ, डोक्यावर ठिपका. आमच्या कुळाचा हाच डाग, उंटांच्या मानेवर देतात तो. मसऊदानं नखानं शेजारचा चुना खरवडला. तिथंही तोच डाग.

"रबहा! अगं ए रबहा!"

रबहा तिची सून, आणि सख्ख्या भावाची मुलगी. दोन वर्षांमागं सल्लूमहून लग्न होऊन आलेली. हाताला पीठ तसंच घेऊन ती धावत आली.

"हिवाळ्यात कठडा ढासळला तेव्हा तुला गाडी जुंपून दगडांना पाठवलं होतं. कुठून आणलेस?"

"खालनं, खाडीच्या वाटेवरनं. सात ठिकाणी रचलेले होते, आत्या. आपला डाग होता, म्हटलं घरचेच आहेत. परक्याचे उचलले असते तर तुम्हीच माझ्या नावानं शंख केला असता."

मसऊदा कठड्याला टेकून खालीच बसली.

ती अकरा वर्षांची असताना धाकटी बहीण खजना शेळीमागं त्या वाळूत धावली होती. महायुद्धात जर्मनांनी पुरलेला की इंग्रजांनी, ते कोणाला माहीत. सुरुंग वीसएक वर्षं वाट बघत पडला होता. बापानं त्या जागी दगड रचले आणि डांबरात काडी बुडवून कुळाचा डाग दिला. पुढं जिथं जिथं शेळी उडाली किंवा लोखंड वर आलं, तिथं तिथं तसेच दगड. अशी सात ठिकाणं झाली. वस्तीवरच्या पोरीबाळी त्यांना वळसा घालून जायच्या, आणि कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.

"इद्रीस वाट कधी उघडणार म्हणाला?"

"आजच की. पाहुण्यांची न्याहारी झाली की."

इद्रीस मसऊदाचा मुलगा, खालच्या हॉटेलात किनाऱ्यावरचा रखवालदार. हॉटेलवाल्यांना तंबूंपासून खाडीपर्यंत जवळची वाट हवी होती. आपल्या वडीलधाऱ्यांच्या देखत इद्रीसनं मॅनेजरला शब्द दिला होता: मी या वाळूत वाढलोय, जिथं दगड नाहीत तिथं खाली काही नाही. दगड दिसला की वळायचं एवढंच त्याला ठाऊक होतं, जागा त्यानं कधी लक्षात ठेवल्या नव्हत्या.

"मी येऊ, आत्या?"

"तू पीठ बघ. आणि दगडांबद्दल चकार शब्द तोंडातून काढू नकोस."

वाटेच्या तोंडाशी कैरोची माणसं जमली होती. हवा भरलेल्या ट्यूबा, छत्र्या, एका जाड्या गृहस्थाच्या काखेत कलिंगड. इद्रीस गळ्यात शिट्टी अडकवून दोरी सोडायच्या बेतात होता. मसऊदा धापा टाकत गर्दीतून पुढं गेली, कमरेचा लाल लोकरी पट्टा सोडला आणि वाटेवर आडवा टाकला.

"अहो हाज्जाबाई, वाळत घालायला दुसरी जागा नाही मिळाली?" कलिंगडवाला म्हणाला. लोक हसले.

"ओलांडा की. चावतोय होय तो?" मागून कोणी बाई म्हणाली.

इद्रीस हसला नाही. आमच्यात बाई चारचौघांत पट्टा सोडत नाही, आणि सोडून आडवा टाकला तर तो कोणी ओलांडत नाही.

"आई, आधी बांध तो. लाज काढतेस माझी."

"दगड मी उचलले, इद्रीस. टाक्याच्या कठड्याला."

"कुठले दगड?"

"खजनाचे. सगळेच."

त्याचा चेहरा उतरला. तरी तो खालच्या आवाजात म्हणाला, "हिवाळ्यानंतर मी सगळी वाळू पायानं फिरलोय. झालं का काही?"

"खजना पण रोज फिरायची."

मॅनेजर वजीह पुढं आला. "काय म्हणतेय ही? उशीर होतोय."

इद्रीसनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा लोकांकडं. मग शिट्टी तोंडात घालून इतक्या जोरात फुंकली की कलिंगडवाला दोन पावलं मागं सरकला. "मागं व्हा! सगळे मागं!"

"तुझ्या शब्दावर मी पाहुण्यांना सांगून बसलोय," वजीह म्हणाला.

"माझा शब्द चुकला. वाळूत सुरुंग आहेत."

"मग दाखव म्हणावं तिला, कुठं आहेत ते."

मसऊदानं बोट करून पाच जागा दाखवल्या. उरलेल्या दोन आठवेनात. तिनं डोळे मिटले, मनातल्या मनात बापामागं चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. नाहीच.

वाट बंद झाली. वजीह फोनवर लष्कराच्या माणसांशी बोलला. तिकडून उत्तर आलं, हंगाम संपल्यावर बघू. इद्रीसला त्यानं उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं.

इद्रीसनं दुहेरी दोरी ताणून बांधली, मग पट्टा झटकून आईच्या हातात दिला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "दोन वर्षं झाली, तुझा खांदा वर जात नाही. दगड तू उचललेस होय?"

"आण म्हणून मी सांगितलं होतं. म्हणजे मीच."

तो तिच्याबरोबर घरी आला नाही.

घरी कठडा अर्धा उकललेला. रबहानं डाग असलेले दगड काढून ओळीनं मांडले होते, डोळे सुजलेले. "मी परत ठेवून येते, आत्या."

"कुठं ठेवशील?"

कुठला दगड कुठनं उचलला ते रबहाला आता आठवत नव्हतं; तिनं हातातला दगड खाली ठेवला.

"बसव परत. शेळी पडेल टाक्यात."

ऊन चांगलंच वर आलं होतं. तिसऱ्या चटईवरची अंजिरं एका बाजूनं काळपट पडायला लागली होती. मसऊदानं पट्टा कमरेला गुंडाळला, खाली बसली आणि एकेक उलटायला लागली.