वीस माणसांची एक रेघ

"शंभरात किती, ते सांगा," असं म्हणून मावशी तर्जनी नाकासमोर धरायच्या आणि तावातावाने बोलणारा माणूस गप्प व्हायचा. मी तर नेहमीच.

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सुपरमार्केटच्या दारात त्या स्टुलावर बसायच्या. काम एवढंच, आत येणारी माणसं मोजायची आणि जाताना कुणी तक्रार केली तर वहीत मांडायची. तुम्हीही अशा एखाद्या बाईसमोरून पिशवी हलवत गेला असाल; तिने तुम्हाला मोजलं हे तुमच्या गावीही नसेल.

त्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकता विकता गुडघे गेले, तेव्हा इथे लागल्या. सवय मात्र सुटली नाही. मासळीत वीस नगांची एक कोडी, तशी वहीत वीस माणसांची एक रेघ. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहायचा, तोंडाने गप्पा चालूच, आणि मोजणी कधी चुकायची नाही.

मी नवा मॅनेजर, अंगात वारं शिरलेला. रविवारी बारा तक्रारी आल्या म्हणून त्या दिवशी काउंटरवर असलेल्या पोरींना सगळ्यांदेखत झापलं. मंगळवारी सहाच आल्या म्हणून त्या दिवशीच्यांना चहा पाजला. मावशींनी मला बाजूला घेतलं.

"आयतवारी तीस रेघा, म्हंजे सहाशे मानसं. तक्रारी बारा. शंभरात किती?"

"दोन."

"मंगळवारी धा रेघा. दोनशेत सहा. शंभरात?"

"तीन."

"मग चहा कोनाला पाजला, सायेब?"

दुसऱ्या दिवशी मी रविवारच्या पोरींची माफी मागितली. तेवढी अक्कल तेव्हा होती.

महिनाअखेरीस रेघांना विसाने गुणून मी आकडे मुख्य कार्यालयात पाठवायचो. एकदा घाईघाईत गुणायचंच राहिलं. रविवारच्या सहाशेच्या जागी तीस गेले, बाकीच्या दिवसांचंही तसंच. वरून फोन आला, "बिलं साडेतीनशे आणि गिऱ्हाइकं तीस? ती बाई दारात झोपते का?"

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो, सर." नोकरी नवी होती, घाबरलो, दुसरं काही कारण नाही. आठवड्याभरात दारावर मोजणारा कॅमेरा लागला आणि मोजणी चुकते म्हणून मावशींना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. सांगितलं मीच.

त्या बराच वेळ वही चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "माज्याकडूनच चुकलं असंल. वय झालं. तुमाला बोलनी खायला लागली, राग धरू नका."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी जाऊन सांगू, असं करत वर्ष घालवलं. पाचूबंदरला पोचलो तेव्हा मावशींना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांची सून ओट्यावर सुका जवळा पाखडत होती.

"तुमच्याकडचं काम सुटल्यावर परत मासळी घेऊन बाजारात बसायच्या," ती म्हणाली. "पन कोडी मोजायला घेतली की हात थांबायचा. गिऱ्हाइकालाच म्हनायच्या, तूच मोज गो बाय, माजा आता भरवसा नाय."

मी तिला सगळं सांगितलं. चूक माझी होती, मावशींची मोजणी शेवटच्या दिवसापर्यंत बरोबर होती.

तिच्या हातातलं सूप थांबलं.

"हे त्यांना सांगायचं व्हतं," ती म्हणाली.