चोपड्याच्या पलीकडे, दुपारी दोनचा पहारा

साखळीहून पेडण्याला जायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून माझी काळजी सुरू होते. बस चुकली तर, पाऊस लागला तर, गोळ्यांची पुडी घरीच राहिली तर. तरी यंदा श्रावणात निघालो, कारण रखमावहिनींचा फोन आला. माझा जुना दोस्त शाणू, त्याची ही बायको. म्हणाल्या, "भाऊ, यायचं तर आत्ताच या. गणेशचवथीपर्यंत हे तुम्हाला ओळखतील, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

शाणूने आणि मी खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये बावीस वर्षं काम केलं. तो वेल्डर, मी फिटर. मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षापासून, म्हणजे सत्त्याऐंशीपासून, ती मनात आहे. उत्तर त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि तो विसरला की संपलं.

सकाळी सातची म्हापशाची बस धरा, पुढची ऑफिसवाल्यांनी भरून येते. म्हापशाला उतरून आधी खाऊन घ्या. मी पातळभाजी, उंडो पाव आणि एक मिरची घेतली, पन्नास रुपयांच्या आत भागलं. तिथून हरमलची बस शिवोलीवरून जाते. कंडक्टरला तीनदा विचारलं, ही चोपड्यावरून जाते ना? तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आजोबा, पूल दुसरा नाहीच तर बस जाणार खंय?"

पूर्वी शिवोली ते चोपडे फेरीबोट होती. आता पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे जातो. त्या दिवशी नदीला रंगच नव्हता. खाली एक होडी होती, माणूस जाळं ओढत होता, पण हालचाल दिसत नव्हती. जाळं मात्र वर येत होतं. मी नजर काढून घेतली.

बसमधून उतरून घराशी पोचलो, तेव्हा शाणू पडवीत बसला होता. मी फाटकाची कडी काढायच्या आत त्याने हाक मारली, "सगुण! अजून जितो आसा रे तू?" माझा जीव भांड्यात पडला. (आम्ही आपल्या बोलीतच बोललो, इथे लिहिताना थोडं सोपं केलंय.)

"तुला न विचारता कसा मरू?" मी म्हटलं.

"खरं ते. शेडमध्येसुद्धा नट फिरवायच्या आधी मला विचारायचास, खंयच्या बाजूला फिरवू म्हणून."

"आणि तू वेल्डिंग मारलेली बार्ज मी आधी देवाला दाखवून मग पाण्यात सोडायचो."

"बुडली एक तरी?"

"एक तिरकी चालायची."

"ती तुझ्या गाण्यासारखी. तूसुद्धा वरच्या सुराला निघून भलत्याच बंदराला लागायचास." तो इतका हसला की वहिनी चुलीपुढून बाहेर आल्या. मला वाटलं, कोण म्हणतं हा विसरतो? तेवढ्यात त्याने विचारलं, "आपला चहा झाला ना मरे?" कप त्याच्या हातात होता, अर्धा प्यालेला.

जेवायला भाज्यांचं खतखतं आणि तायकिळ्याची पालेभाजी. श्रावण असल्यामुळे मासळी नाही, जाणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. हात धुतल्यावर मी विषय काढला. आधी तुम्हाला सांगतो, मग त्याचं उत्तर.

आमच्याकडे श्रावणात देवळात सप्ताह असतो. भजन अखंड चालतं, तासा-तासाने मंडळी बदलतात. त्या तासाला पहारा म्हणतात. नियम एकच, आवाज तुटता कामा नये. म्हणून पहाऱ्याला निदान दोघे लागतात. एक ओळ म्हणतो, दुसरा झील धरतो, म्हणजे मागून तीच ओळ उचलतो. तेवढ्यात पहिला श्वास घेतो. एकट्याने तास निघत नाही, श्वासापाशी तुटतोच. ज्यांच्या पहाऱ्यात तुटला त्यांची नावं यादीतून कायमची जातात. आपल्याकडे शाळेत मराठी, घरी कोकणी, भजन पुन्हा मराठी. घटकराज्याच्या वेळी भाषेवरून भाऊ भावाशी बोलत नव्हता, पण पहारा कुणी चुकवत नव्हतं.

शाणू तेव्हा साखळीलाच राहायचा. त्या वर्षी दुपारी दोन ते तीन आमचा पहारा होता, शाणूचा आणि माझा. मी दोन पाळ्या सलग करून आलो होतो. पावसात बार्जी बंद असतात, दुरुस्ती तेव्हाच. बाहेर पाऊस, वीज गेलेली, समईपुरता उजेड. बायका जेवायला गेल्या होत्या. मी टाळ घेऊन सुरू केलं, शाणू पोचेपर्यंत एकट्याने निभेल म्हणून नामाचाच गजर धरला. आणि मला झोप लागली.

किती वेळ, ठाऊक नाही. जाग आली तेव्हा भजन चालू होतं. ओळ आणि झील, दोन्ही. माझ्या पुढच्या खांबाला एक माणूस पाठमोरा बसला होता, निळा बुशशर्ट, खांद्यावर ओला टॉवेल. शाणूच. मी घाईने टाळ उचलले आणि झील धरली. तीनला पुढची मंडळी आली, मी त्यांच्या हातात टाळ दिले, वळून पाहिलं तर तो बाहेर गेला होता. चहाला असेल. त्याने माझं नाव वाचवलं, आणि वर कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. मी सगळ्यांना सांगत आलो, शाणूने आणि मी तो पहारा काढला.

हे सगळं त्याला सांगितलं आणि विचारलं, "तू एकटा होतास. ओळ तुझी, तर मग झील कुणाची होती रे?"

शाणू हसेल असं वाटलं होतं.

"मी खंय होतो तिथे?" तो म्हणाला.

मला वाटलं, गेलं. उशीर झाला. मी म्हटलं, "आठव मरे. निळा शर्ट."

"सगुण, मला काल काय खाल्लं ते आठवत नाही. पण ते आठवतं. त्या दिवशी साहेबाने मला मुरगावला पाठवलं. बार्जीचा तळ फाटला होता. मी पहारा चुकवला."

"यांचा डबा घेऊन मी देवळाच्या पायरीपर्यंत आले होते," वहिनी म्हणाल्या. "हे आलेच नाहीत. रात्री उशिरा घरी आले नि रडले. नाव जाणार म्हणून."

"दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आलो," शाणू म्हणाला, "तर तू सगळ्यांना सांगत होतास, मी आणि शाणू बसलो होतो. मला वाटलं, दोस्त माझ्यासाठी खोटं बोलतोय. मी तोंड मिटून घेतलं. आजपर्यंत."

म्हणजे इतकी वर्षं मी त्याचे उपकार मानत होतो आणि तो माझे. वहिनींनी पानं उचलली. शेवटी शाणू म्हणाला, "तरीच तू मला दर चवथीला नारळ पाठवायचास. मी म्हणायचो, उपकार माझ्यावर करतो नि नारळही हाच देतो, वेडाच आहे." हसलो दोघे, पण पुरतं हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावच्या देवळात सप्ताह होता. शाणूने यादीत आमची दोघांची नावं आधीच घातली होती. दोनचा पहारा. "तो एक बाकी आहे माझा," म्हणाला. मी नको म्हटलं. माझा दमा, त्याचं विसरणं. आमच्या पहाऱ्यात तुटला तर या वयात दोघांची नावं जातील, आणि त्याला नंतर फक्त तेवढंच आठवेल. तो ऐकेना.

देऊळ लहान आहे, रस्त्यापासून चढणीवर. पायऱ्यांवर शेवाळ, जपून चढा. आधीच्या मंडळींनी टाळ दिले नि ती जेवायला गेली. दारापाशी दोन म्हाताऱ्या हार ओवत होत्या, बाकी कुणी नाही. शाणूने ओळ घेतली आणि मी चकित झालो. चहा विसरणारा माणूस, एक अक्षर चुकत नव्हता. अर्धा तास असा गेला. मग एका कडव्याच्या मध्ये तो थांबला. माझ्याकडे बघितलं, डोळे अगदी रिकामे. ओळ मी द्यायला हवी होती. मी श्वास घेतला आणि खोकला आला.

दोघेही गप्प. टाळसुद्धा थांबले.

आणि ओळ तुटली नाही. माझ्या मागून, खांबाच्या बाजूने, पुरुषाच्या आवाजात झील आली. मोठी नाही, घाईची नाही. काम करणारा माणूस दमून आल्यावर गातो तशी. म्हाताऱ्यांची मानसुद्धा हलली नाही, हार चालूच. शाणूच्या डोळ्यांत ओळख आली, त्याने पुढची ओळ उचलली आणि मान किंचित वाकवली. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे. मी टाळ धरले. मागे पाहिलं नाही. मानेवर ओल्या कपड्याचा गारवा तीन वाजेपर्यंत जाणवत होता.

पायऱ्या उतरताना शाणूने माझा दंड धरला. "बघितलंस?"

"नाही."

"बरं केलंस. तू वळून बघितलं असतंस तर तो गायचा थांबला असता."

मी संध्याकाळच्या बसने निघालो. शेवटची बस लवकर जाते, पाचच्या आत थांब्यावर असा. घरी येऊन गोळ्या घेतल्या, कड्या दोनदा पाहिल्या. या प्रवासातून काय मिळालं असं विचाराल, तर मी उत्तर आणायला गेलो होतो आणि जवळ होतं ते अर्धं उत्तरही तिथेच ठेवून आलो. भीती वाटते का? वाटते. पण मला बसची, पावसाची, खोकल्याची, सगळ्याचीच वाटते. त्या आवाजाची त्या मानाने कमी.

काल वहिनींचा फोन आला. शाणू आता माझं नाव विसरलाय, मी येऊन गेलो तेही. पण सकाळपासून एकच विचारतोय, आपण तिघे पहाऱ्याला बसलो होतो, ते दोघे जेवले का?

"काय सांगू भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सांगा, जेवले. दोघेही."