तिप्पय्याचा वीरगळ

होन्नव्वा बैलांनी चुना मळायच्या घाणीवर सव्वीस वर्षं राबली. विजयनगरातल्या निम्म्या भिंतींना आपल्या हातचा चुना आहे, असं ती बिनदिक्कत सांगायची. ते फारसं खोटंही नव्हतं.

राजाने पूर्वेकडची लढाई जिंकली आणि नगरात विजयाचा उंच चौथरा चढू लागला. महानवमीच्या आत तो पुरा व्हायलाच हवा, असा हुकूम. दगड ओढायचे दोर कुजलेत, हे ओढणाऱ्यांनी दोनदा सांगितलं. "सणानंतर बघू," म्हणाला वीरप्पय्या, बांधकामावरचा अधिकारी. तिसऱ्या दिवशी दोर तुटला, दगडी तुळई उतरणीवरून घसरली आणि होन्नव्वाचा नवरा तिप्पय्या तिच्याखाली गेला. दुपारच्या आत ती तुळई धुऊन पुन्हा वर चढवली!

मग चौथऱ्याशेजारी लेख कोरला गेला. राजाच्या बिरुदांनाच अकरा ओळी. त्याच्या हत्तीचंसुद्धा नाव होतं. होन्नव्वाने कोरणाऱ्या बोम्मोजाकडून तो वाचून घेतला आणि तडक वीरप्पय्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अय्या, माझ्या नवऱ्याचा वीरगळ पाहिजे."

तो हसला. "अगं, वीरगळ लढाईत पडलेल्याचा. दगड ओढणाऱ्याचा कधी पाहिलायस?"

"लढाईतल्याच्या हातात निदान तलवार असते. याच्या हातात तुम्ही काय दिलंत?"

"जीभ आवर."

"आवरते. हातही आवरते."

दुसऱ्या दिवशी घाणीवरच्या एकोणीस बायकांपैकी एकीनेही चुन्याला हात लावला नाही. शिपाई येऊन धमकावून गेले. बैल उभ्या उभ्या कडबा खात राहिले. गवंडी रिकाम्या पाट्यांपुढे बसलेले, आणि सण अकरा दिवसांवर. चौथ्या दिवशी वीरप्पय्याचा निरोप आला: उभा करा तुमचा दगड, पण रस्त्यावरून दिसता कामा नये. आणि नाव कोरायचं नाही.

बोम्मोजाने तो फुकट कोरला. वर चंद्रसूर्य, खाली खांद्यावर दोर घेतलेला माणूस. बायकांनी तो घाणीमागे उभा रोवला.

"नाव का नाही? नाव काय चोरीचं होतं?" होन्नव्वा धुमसत राहिली.

सण सरताच तिला कामावरून काढलं. ती नदीपलीकडे बहिणीकडे गेली, भाताच्या खाचरात राबू लागली. घाणीमागे मात्र वर्षभरात कामावर दगावलेल्यांचे आणखी चार दगड उभे राहिले. त्यांच्यासाठी वीरप्पय्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.