पोट न उघडणारा नंदी

कारखान्याच्या फाउंड्रीत मी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतायच्या भागांचे नमुने, करतो. पॅटर्न वाळूत दाबायचा, वाळू न ढासळता वर काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. त्यासाठी त्याच्या बाजूंना थोडा उतार ठेवावा लागतो. आत गेलेली वस्तू बाहेर कशी येईल, याचाच मला पगार मिळतो.

मुलगी लहान असताना तिला बॅडमिंटनची रॅकेट हवी होती, तीही स्वतःच्या पैशांची. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि त्यांच्या हातावर बोजारा म्हणून नाणी पडतात. मी म्हटलं, पैसे साठवायला बैलाचीच गुल्लक करू. सुपेल्याच्या बाजारात लाकूड कापायची आरामशीन आहे, तिथून सागवान आणलं. बैल दोन अर्ध्यांत घडवला, पोट आतून कोरलं, वशिंडामागे फट ठेवली, दोन्ही अर्धे सरसाने जोडले. सांधा बोटाला लागत नव्हता. झाकण ठेवलं नाही. पोळा झाला की करवतीने कापू, असं तिला सांगितलं.

कारखान्याच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टरमधल्या बायकांनी बैलाला ओवाळलं, कुंकू लावलं, फटीत नाणी टाकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा नंदी तर कमावता निघाला!"

घरी येताच मुलीने करवत आणून दिली. "बाबा, अब काटो ना."

"हे काय करून राहिले?" बायको स्वयंपाकघरातून आली. "साऱ्या सेक्टरनं पूजा केली त्याची. आता पोट फाडता काय?"

"मग उलटा करून फटीतून नाणी झटकतो."

"नंदीचे पाय वर? करा. मी चालली माहेरी."

"आन माही रॅकेट?" मुलीने विचारलं.

मी म्हटलं, उद्या आणून देतो.

"तुमच्या पैशाची नाई पायजे."

पूजेमुळे हात थांबला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते पुरतं खरं नाही. बैल करतानाच पोटाला लाकडी बूच बसवता आलं असतं. कामाची सफाई बिघडेल म्हणून बसवलं नाही. आणि बायकोने अडवलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

मुलगी दरवर्षी तोच बैल घेऊन जात राहिली. आधी तो खुळखुळायचा. मग आवाज कमी होत गेला. एका पोळ्याला फटीत नाणं जाईना. तिने ते काकूंच्या हातावर परत ठेवलं. "भर गया, काकू."

बॅडमिंटन ती कधी खेळली नाही. बैल शोकेसमध्ये आहे. सांधा कुठे आहे, असं पाहुणे विचारतात. मी दाखवतो.