मागचे दोन टायर

आमच्या टायरच्या दुकानात तारीख वाचायची पद्धत नव्हती. नख लावायची पद्धत होती.

प्रत्येक टायरच्या कडेवर चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कोणालाही कळतं. पण आमच्याकडे एक माणूस होता, त्याला आकडे लागत नसत. उजव्या अंगठ्याचं नख तो नक्षीच्या खाचेत रोवायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पाच वर्षं. त्यातली दोन उन्हात." गिऱ्हाईक हसायचं. मी वाकून आकडे वाचायचो आणि मग गिऱ्हाईक हसायचं थांबायचं. सहा महिन्यांपलीकडे तो चुकल्याचं मला आठवत नाही.

शेजारच्या बॅटरीवाल्याने त्याला अंगठेबहाद्दर नाव ठेवलं. शाळा चौथीत सुटलेली, त्यावरून टोमणा. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. "तुझी सही दाखवून कोणी टायर घेतो का? माझा अंगठा बघून घेतात," असं म्हणून त्याने ते नाव खिशात घातलं. पुढे नुसतं बहाद्दर राहिलं. मालकही बहाद्दरच म्हणायचे.

माझं काम चाकं बॅलन्स करायचं. मशीनवर चाक फिरवायचं, जिथे हलकं असेल तिथे शिशाचा तुकडा ठोकायचा. अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघं एकाच छपराखाली होतो. त्याचा जॅक आणि माझं मशीन यांत चार पावलांचं अंतर.

त्याने लग्न केलं नाही. भाऊ आणि भावजय एका वर्षात पाठोपाठ गेले आणि पाच वर्षांची पुतणी त्याच्या घरी आली. शाळा सुटली की ती दुकानात यायची, टायरच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची, माझ्या शिशाच्या तुकड्यांनी दुकान-दुकान खेळायची. मला बॅलन्सिंगकाका म्हणायची. तिचा आवडता खेळ एकच. कुठलाही टायर दाखवायचा आणि ओरडायचं, "काका, नख लाव!" तो नख लावायचा, वय सांगायचा, आणि ती मला म्हणायची, "आता तू वाच." बरोबर आलं की टाळ्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या टाळ्या त्याच, त्यातही अर्ध्या त्याच्या.

मी हे लांबवतोय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

ती सव्वीस वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. त्याच्या दोन वर्षं आधी, एकदा चहा आला. गाळून थेट काचेच्या ग्लासात ओतलेला. मी माझा ग्लास रुमालात धरला. बहाद्दर उघड्या बोटांत धरून कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत बसला. त्याची कातडी लाल होत गेली.

"अरे, भाजत नाही का?"

"सवय आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला फोड होता. दुपारी कोणी नाही असं बघून माझ्याजवळ आला. "साखरेने बोटांची जाण जाते, असं डॉक्टर म्हणाला. कुणाला बोलू नकोस. मालक मला हवा भरायला बसवतील."

मी कुणाला बोललो नाही. तेव्हापासून तो आधी आकडे बघून घ्यायला लागला. पडलेला नट उचलायच्या निमित्ताने वाकायचा, चोरून वाचायचा, मग उभा राहून डोळे मिटून नख रोवायचा. गिऱ्हाइकं पूर्वीसारखीच खूश. मी मशीनकडे बघत राहायचो.

पुतणी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती. तिने जुनी हॅचबॅक घेतली, लाल रंगाची, छोटीशी. दिसायला दळण आणायला निघालेली, पण इंजिन मोठं. पाय दिला की मान मागे जायची. शहराबाहेर रेसचा ट्रॅक होता. तिथे महिन्यातून एकदा कोणीही आपली गाडी नेऊन पळवू शकत असे. शर्यत नाही, नंबर नाही. नवख्यांचा गट वेगळा, पहिल्या फेऱ्यांना शेजारी शिकवणारा बसतो. तिने नाव नोंदवलं आणि टायरसाठी दुकानात आली.

"काका, सगळे म्हणतात ट्रॅकचे चिकट टायर घे. डांबर सोडतच नाहीत म्हणे."

"नवख्याने चिकट टायर घेऊ नये."

"का?"

"चिकट टायर म्हणजे मुकाट्याने सोसणारा माणूस. तू चुकलीस तरी तो धरून ठेवणार, जास्त चुकलीस तरी धरून ठेवणार. तुला वाटणार, आपल्याला जमतंय. मग एकदम हात सोडणार, आणि तोवर तुझा वेग कुठल्या कुठे गेलेला. रस्त्याचा चांगला टायर आधी कुरकुरतो, मग ओरडतो, मग सुटतो. नवख्याला ओरडणारा पाहिजे."

"तुझ्यासारखा."

"माझ्यासारखा. ओरडल्याशिवाय कधी मारलंय का तुला?"

"मारलंच नाहीस कधी. नुसताच ओरडलास."

"मग? फुकट गेलं का? शिकलीसच ना गाडी?"

आम्ही तिघंही हसलो. पुढे तो म्हणाला की नवे कोरेही नकोत. नव्या टायरची नक्षी खोल असते, ट्रॅकवर तापली की तिचे ठोकळे डुलतात, तुकडे निघतात. निम्मी झिजलेली नक्षी बरी. हवा सकाळी थोडी कमी ठेव, टायर तापला की ती आपोआप वाढते. दर चार-पाच फेऱ्यांनी बाहेर येऊन टायर गार होऊ दे. हे सगळं बरोबर होतं. आजही मला कोणी विचारलं तर मी शब्द न बदलता हेच सांगेन.

मागच्या खोलीत तसे चार टायर होते. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने गाडी विकताना काढून दिलेले. एकाच कंपनीचे, मापाने तिच्या गाडीला बसणारे, नक्षी चारांचीही निम्मी. शेडमध्ये अंधारात उभी असायची ती गाडी, त्यामुळे कुठे एक भेग नाही. बहाद्दरने सकाळीच थप्पीतल्या वरच्या टायरचे आकडे वाचून ठेवले होते. तीन वर्षं. खालचे तीन टायर त्याने पाहिले नाहीत. चारही जुळे भाऊ दिसत होते.

दुपारी ते बाहेर मांडले तेव्हा ती शेजारीच उभी होती. नट पाडायला जागा नव्हती.

"काका, नख लाव."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वाकून एकेका टायरला नख लावलं, डोळे मिटले. "तीन. तीन. तीन. तीन."

तिने टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षांची बाई, ड्रायव्हिंग शिकवणारी, दुकानाच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती.

चाकं माझ्याकडे आली. पहिली दोन बॅलन्स झाली. तिसरं फिरवून थांबवलं तर आकडे नेमके माझ्या डोळ्यांसमोर आले. नऊ वर्षांपूर्वीचे. चौथ्यावरही तेच. म्हाताऱ्याने मधे कधीतरी दोनच टायर बदलले असणार. नऊ वर्षांत रबर आतून लाकूड होतं. नक्षी तशीच दिसते, पण पकड गेलेली असते.

मी म्हणालो, "बहाद्दर, एकदा तारीख..."

तो तिच्याकडे बघत होता. "तारीख कंपनी लिहिते," तो मोठ्याने म्हणाला, "रबर खोटं बोलत नाही." ती हसली. मला वाटलं, त्याने बघितलं असेल. मला वाटलं, तिच्यासमोर कसं बोलायचं. मला वाटलं, मी कोण त्याला सांगणारा. असं बरंच वाटलं. ती दोन चाकं त्याने मागे बसवली.

ट्रॅकवर आम्ही दोघंही गेलो. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चढत होतं. कुंपणाला धरून आम्ही एका लांब वळणाशी उभे राहिलो. आमच्यापासून वीस पावलांवर एक झेंडेवाला पोरगा होता, गाड्यांना इशारे करणारा. पहिल्या चार फेऱ्या तिच्या शेजारी शिकवणारा होता, सगळं सावकाश. मग तो उतरला आणि ती एकटी निघाली.

बहाद्दरला लांबचं फारसं दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. गाडी वळणात आली की तो डोळे मिटून ऐकायचा, नख लावताना मिटायचा तसेच. पहिल्या फेरीला म्हणाला, "पुढचे कुरकुरतात. छान." दुसऱ्या फेरीला कान कुंपणाला लावला. तिसऱ्या फेरीला त्याने माझं मनगट धरलं.

"मागचे बोलत नाहीत."

मी नजर ट्रॅकवरच ठेवली.

"पुढचे ओरडतायत आणि मागचे मुके आहेत. काय बसवलंय मी मागे?"

माझ्या तोंडाकडे बघून त्याला जे कळायचं ते कळलं असावं. तो झेंडेवाल्याकडे पळाला. सांधेदुखीने एका गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस, तसा पळाला.

"थांबव तिला!"

"कोणाला? का?"

"लाल गाडी. मागचे टायर मेलेत तिचे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी बसवलेत!"

झेंडेवाल्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "नंबर काय? दारावर चिकटवलेला नंबर सांगा. लाल गाड्या दोन आहेत." बहाद्दरला नंबर माहीत नव्हता. मलाही नव्हता. पोराने तरीही झेंडा उचलला. त्याला मी दोष देणार नाही. पण ती वळणात आलेली होती. झेंडा बघून समोरची गाडी हळू झाली म्हणून तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. रस्त्यावर शहाणा माणूस हेच करतो. ती स्वतः रोज हेच शिकवायची. पाय उचलताच वजन पुढे गेलं, मागचं अंग हलकं झालं आणि काही आवाज न करता गाडीची शेपटी बाहेर आली. दोन गिरक्या घेऊन ती नाकावर लोखंडी कठड्याला भिडली.

डाव्या पायाचा घोटा चिरडला होता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकच्या मागच्या आवारात गाडी आणून टाकली होती. बहाद्दरने चष्मा लावला, गुडघे टेकले आणि मागच्या दोन्ही टायरचे आकडे थुंकी लावून पुसून वाचले. उठला नाही. तसाच बसून विचारलं, "मशीनवर फिरवलंस तेव्हा दिसलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. अर्धं."

"अर्धं," तो म्हणाला. त्यानंतर या विषयावर तो माझ्याशी कधीच बोलला नाही.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी ती शुद्धीत नीट बोलायला लागली. मी दाराशी थर्मास घेऊन उभा होतो. ती म्हणाली, "काका, टायर ओरडले नाहीत. पुढचे ओरडत होते, पण मागचे नाही. मी वाट बघत होते."

"मागचे नऊ वर्षांचे होते."

"नख लावलंस ना तू?"

त्याने उजवा हात तिच्या पांघरुणावर ठेवला. तिच्या बँडेजला लावलेली पिन काढून तिच्या हातात दिली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "टोच."

तिने अंगठ्यावर पिन टेकवली. मग रोवली. रक्ताचा थेंब आला. तो खिडकीकडेच बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "टोच ना."

तिने पिन परत बँडेजला लावली. मान भिंतीकडे वळवली.

"किती दिवस?" तिने भिंतीला विचारलं.

"दोन वर्षं."

मी त्या वेळी आत जायला हवं होतं. मलाही आकडे दिसले होते हे सांगायला हवं होतं. मी थर्मास दारातल्या स्टुलावर ठेवला आणि जिना उतरलो. तिला ते अजून माहीत नाही. इथे लिहून ठेवतोय.

बहाद्दरने मालकांना स्वतः जाऊन सांगितलं. मालकांनी त्याला हवा भरायला बसवलं, ज्याला तो दोन वर्षं भ्यायला होता. ते त्याने निमूटपणे केलं. बॅटरीवाल्यानेसुद्धा पुन्हा कधी ते नाव घेतलं नाही. आता आमच्याकडे प्रत्येक टायरची तारीख गिऱ्हाइकासमोर वाचतात. मीच वाचतो, मोठ्याने, चारही आकडे.

तिच्या घोट्यातलं हाड डॉक्टरांनी जोडलं, पण सांधा कायमचा आखडला. क्लच दाबता येत नाही. ड्रायव्हिंग स्कूलने तिला आत टेबलावर बसवलं. वर्षभराने तिने क्लच नसलेली गाडी घेतली. टायर दुसऱ्या दुकानातून बसवून घेतले. दोघं अजून एकाच घरात राहतात. ती त्याला वेळेवर जेवायला वाढते, औषधं देते, आणि लागेल तेवढंच बोलते.

मागच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. तो खाली गाडीपाशी होता. चष्मा लावून, गुडघा टेकून, तिच्या टायरची तारीख वाचत होता. दर रविवारी वाचतो म्हणे. तेच टायर, तेच आकडे. वर स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि ती सिंकपाशी उभी होती. त्याने एका चाकाचे आकडे मोठ्याने वाचले, वर ऐकू जातील असे. मग दुसऱ्याचे. मग तिसऱ्याचे.

"माहितीये, काका," ती वरून म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

तो गाडीला हात टेकत उठला, मागून वळसा घालून चौथ्या चाकापाशी गेला आणि वाकला.