रिकामं स्टूल

फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या पाठीमागे रंगवलेला पडदा असतो ना, तसले पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली; गावात त्यांना पडदेवाले म्हणूनच ओळखत. तळं, बाग, राजवाड्याचा जिना. स्टुडिओचे मालक सांगतील ते. नियम एकच. कडेला हवे तेवढे हंस पोहू देत, मधली जागा मोकळी सोडायची. तिथे माणूस उभा राहणार.

खरं तळं गावाबाहेर होतं. गढूळ पाणी, काठावर वाळत घातलेले कपडे. ते रंगवावं असं पडदेवाल्यांच्या फार मनात होतं. मालक म्हणत, "असल्या घाणीपुढे फोटो कोण काढेल हो?" मग पुन्हा हंस. घाण्याचा बैल तरी वेगळं काय करतो?

चित्रकार मंडळानं प्रदर्शन जाहीर केलं आणि त्यांनी कंबर कसली. साठी आली होती. आता नाही तर कधीच नाही. विषय घरातच होता: ओटा, गळका नळ, काळवंडलेली खिडकी आणि तिच्यापाशी स्टुलावर बसून मटार सोलणारी बायको. दर रविवारी ती बसली. पाठीला रग लागली, पण हूं की चूं केलं नाही. आपल्याकडे कोणी इतका वेळ बघतंय, याचंच तिला अप्रूप.

चित्र झालं तशी ती हात पुसत समोर आली. नळाचा थेंब अगदी पडायच्या बेतात होता. स्टूल मात्र रिकामं.

"अहो, आणि मी?"

"तू येशीलच की मग," ते सवयीनं बोलून गेले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी ब्रश घेतला, खोडलं, पुन्हा काढलं. हाताला माणूस येईचना. चेहऱ्याच्या जागी पडद्यावरच्या मोकळ्या जागेचा तोच फिकट रंग. तोवर प्रदर्शन होऊन गेलं.

कामाला बोलवायला आलेले मालक ते बघून हरखले. "छुपे रुस्तम निघालात की! घरगुती पडदा! धो धो चालेल हा."

पडदा नाही, चित्र आहे ते, असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "गुंडाळून देऊ?"

आता स्टुडिओत त्या रंगवलेल्या खिडकीपुढे खरं स्टूल मांडून लोक हौसेनं फोटो काढतात. पडदेवाले मागच्या खोलीत हंस रंगवतात. संध्याकाळी जेवायला वाढताना बायको विचारते, "आज कोण बसलं होतं माझ्या जागेवर?"