उलट्या वेढ्यांची चकली

कोपऱ्यावरच्या दुकानात एक बाई चकल्यांचं पाकीट उजेडाकडे धरून निरखत होत्या. पाकिटावरचा लोगो माझा, म्हणून मी उगाच रेंगाळलो.

नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी छोट्या धंद्यांना परवडतील असे लोगो करून देतो. पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या सुलभाकाकू, घरी चकल्या करून विकणाऱ्या. त्यांच्यासाठी मी चकलीचं एक आयतं चित्र उचललं, रंग बदलला, खाली नाव टाकलं. काकूंनी चष्मा लावून पाहिलं.

"छान आहे रे. पण ही माझी नाही."

मला रागच आला. चकलीत कसलं आलंय तुझं-माझं? काकूंनी वाद घातला नाही. सोऱ्या घेतला आणि कागदावर चकली पाडली. काकू डावखुऱ्या. त्यांच्या चकलीचे वेढे माझ्या चित्राच्या नेमके उलटे फिरत गेले. वर्षभर त्यांच्या घरी चहा प्यायलो होतो, चकल्या खाल्ल्या होत्या, आणि हे कधी दिसलं नव्हतं. लोगो स्वस्तात द्यायचा म्हणून मी बघणंही स्वस्तात उरकलं होतं.

चित्र उलटवायला एक क्लिक पुरलं. आता नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्याला काम करताना बघून येतो.

"ह्याच हव्यात," दुकानातल्या बाई म्हणाल्या, "उलट्या चकलीवाल्या काकूंच्या."

मी खूश होऊन पुढे झालो. त्यांच्या अंगठ्याखाली लोगो पूर्ण झाकला होता. त्या पाकिटाच्या आतली खरी चकली बघत होत्या.